गावातले जन्म-मृत्यू नीट मोजायचेत, कुठल्या रजिस्टरवर विश्वास ठेवायचा?

डोंगरकडा

नमस्कार. बालाघाटाच्या डोंगरातलं आमचं गाव, दोन हजाराच्या आसपास वस्ती, मी ग्रामपंचायत सदस्य आहे पहिल्याच टर्मची आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा, स्वच्छता समितीवर पण नाव आहे. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन साखर कारखान्याला ऊसतोडीला जातं, पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला की मार्च-एप्रिलात परत येतं, इकडच्या लोकांना हे नव्याने सांगायला नको.

ह्या वर्षी परत आलेल्या टोळीतली एक पोरगी, आमच्या जावेच्या नात्यातली, तिचं बाळ तिकडे कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या जागेवरच्या झोपडीत, गेलं. तिसऱ्या दिवशी. मी भेटायला गेले तेव्हा तिने ट्रंकेतून माता बाल संरक्षण कार्ड काढून दाखवलं, गावात असेपर्यंतची सगळी पानं भरलेली, रक्त तपासलेलं, धनुर्वाताची इंजेक्शनं दिलेली, आणि पुढची पानं कोरी. बाळाचं वजन कोरं, तारीख कोरी. मला राहवेना म्हणून ह्या बाळाची नोंद कुठे झालीय ते बघायला लागले. ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू रजिस्टरला नाही. आशाताईच्या डायरीत "बाहेरगावी" एवढंच. अंगणवाडीच्या यादीत ती अजून गरोदर आहे. आणि आरोग्य केंद्राच्या तक्त्यात आमच्या गावापुढे मागच्या वर्षाचे अर्भकमृत्यू शून्य आहेत, मला स्वतःला माहीत असलेले तीन आहेत!

माझे प्रश्न असे की ह्यातलं कुठलं रजिस्टर खरं धरायचं, आणि समितीने गावाची स्वतःची नोंदवही ठेवली तर चालतं का, कशी ठेवायची, आणि मुख्य म्हणजे त्याने काही फरक पडतो का की अजून एक वही वाढते. कुणी असं काम केलं असेल तर सविस्तर लिहा, मला मराठी शाळेपुरतं गणित येतं तेव्हा त्या मानाने सांगा.

पायवाट

ताई मी आशा आहे, जिल्हा दुसरा पण आमच्याकडूनही टोळ्या जातात म्हणून लिहितेय.

तुमच्या आशाताईने "बाहेरगावी" लिहिलं ते तिच्या दृष्टीने बरोबरच आहे, कारण बाळंतपण दवाखान्यात झालं की आम्हाला बाळाच्या घरी सहा भेटी द्यायच्या असतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. ह्या भेटी पूर्ण झाल्या तर २५० रुपये मोबदला. बाई गावातच नाही तर भेट कुणाला देणार, म्हणून ती नावापुढे रेघ मारते. तिकडच्या आशाच्या यादीत ती नाहीच कारण ती तिथली राहणारी नाही. मधल्या मधे बाळ सुटतं. पहिलं बाळंतपण माहेरी असलं तरी हेच होतं, सासरची आशा म्हणते माहेरी गेली, माहेरची म्हणते आमच्या गावची नाही, आणि लस द्यायची वेळ आली की दोन्हीकडून फोन.

तिसऱ्या दिवशीच्या भेटीत काय करतो ते सांगते म्हणजे काय सुटलं ते कळेल. हात धुवून बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन, काखेत थर्मामीटर, बेंबी बघायची, आईला दूध पाजायला सांगून बाळ नीट ओढतंय का ते शेजारी बसून बघायचं. पोटावरचा कपडा बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, घड्याळ समोर धरून. साठ किंवा त्याच्या वर गेले तर परत मोजायचे, परत तेवढेच आले की गाडी बोलवायची. थंडीत बाळाचे तळपाय गार लागले तर आईच्या छातीशी उघडं लावून वरून दोघांना पांघरूण. एवढंच असतं ताई, पण तिसऱ्या दिवशी कुणीतरी हे बघायला हवं असतं.

आणि शून्य का येतं ते पण स्पष्ट लिहिते. मृत्यू कळवला की पहिला प्रश्न येतो तू भेटी दिल्या होत्या का, अमुक कॉलम रिकामा का, मीटिंगमधे उभं करतात. मग बाहेर झालेला मृत्यू कोण स्वतःहून अंगावर घेईल. तुम्ही वही काढणार असाल तर फार चांगलं, पण आमच्या चुका पकडायची वही काढू नका, आशा आणि अंगणवाडीताई दोघींना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

जुनापाणी

आरोग्य खात्यात गेली माझी सगळी नोकरी, आता निवृत्त. वरच्या ताईंनी बरोबर लिहिलंय, मी फक्त कायद्याचं सांगतो कारण अर्धा गोंधळ तिथून होतो.

जन्म-मृत्यू नोंदणी १९६९ च्या कायद्याने होते आणि त्यात नोंद जिथे घटना घडली तिथे होते, माणूस कुठला राहणारा आहे त्यावर नाही. तुमच्या गावची बाई तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली तर जन्म तालुक्याच्या गावाला लागतो, कोपीवर झाली तर त्या कोपीच्या गावच्या ग्रामपंचायतीत. म्हणून तुमच्या ग्रामपंचायतीचं रजिस्टर खोटं नाही पण तुमच्या गावात किती बाळं जन्मली किंवा गेली हे त्यावरून कधीच कळणार नाही, हल्ली घरी बाळंतपण राहिलंच किती. उलट ज्या गावात मोठं हॉस्पिटल आहे तिथल्या दप्तरात बाळंच बाळं.

मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत उशिराची फी भरून होतं. ३० दिवस उलटले पण वर्षाच्या आत असेल तर फी, लेखी निवेदन आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. त्या पोरीच्या बाळाचं अजून वर्षाच्या आतलं आहे, तिच्या घरच्यांची इच्छा असेल तर आत्ताच अर्ज करा. आणि लक्षात ठेवा, तीन दिवस जगलेल्या बाळाच्या दोन नोंदी लागतात, जन्माची वेगळी आणि मृत्यूची वेगळी. लोकांना वाटतं बाळच राहिलं नाही तर दाखला कशाला.

अजून एक महत्त्वाचं. उपजत मृत्यू आणि जन्मून गेलेलं बाळ ह्यात फरक करा. बाळ बाहेर आल्यावर एकदा जरी रडलं, श्वास घेतला, हातपाय हलवले तर ते जिवंत जन्मलं, मग पाच मिनिटांत गेलं तरी तो अर्भकमृत्यू. घरचे दुःखात "मेलेलंच झालं" म्हणतात, लिहिणारा पण तेवढ्यावर भागवतो, कारण उपजत लिहिलं की अर्भकमृत्यूच्या तक्त्यात ते येत नाही. तुमच्या शून्यातले काही असे तिकडे गेलेले असू शकतात, बघा.

चौकट_६०

काही वर्षं पुणे जिल्ह्यात लोकसंख्येच्या नोंदी ठेवायच्या कामात होतो, घरोघर फिरून, म्हणून मोजणीचं लिहितो. लांब होईल.

आधी हे की असं काम आपल्याकडे नवीन नाही आणि फरक पडतो का ह्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आहे. गडचिरोलीत सर्च संस्थेने, म्हणजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी, ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, १९९५ पासून. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच सरकारी सेवा, आणि जन्म-मृत्यूची मोजणी दोन्हीकडे सारखी काटेकोर. तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले, १९९९ मधे लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते. वरच्या आशाताई ज्या भेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे, देशभर ते २०११ मधे आलं. शेजारची ४७ गावं मोजली नसती तर लोक म्हणाले असते रस्ते झाले म्हणून मृत्यू कमी झाले.

पुण्याजवळ वढूला केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राचं काम आहे, शिरूर आणि हवेली तालुक्यातली २२ गावं, २००२ पासून वर्षातून दोनदा प्रत्येक घरी जाऊन कोण जन्मलं, कोण गेलं, कोण राहायला आलं, कोण सोडून गेलं. तिथे शेजारी औद्योगिक वसाहती आहेत, भाड्याच्या खोल्यांत माणसं सारखी बदलतात, त्यामुळे येणं-जाणं टिपणं हाच सगळ्यात किचकट भाग. तुमच्याकडे कोयत्यामुळे तेच आहे उलट्या बाजूने.

आता करायचं कसं. पहिली गोष्ट नकाशा. ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी वापरू नका, तिच्यात मळ्यातली घरं, गावठाणाबाहेरची पालं, एका घरातली दोन चुली काहीच धड नसतं. एक चूल म्हणजे एक कुटुंब धरा, पायी फिरून नंबर द्या, आणि गावाची हद्द जिथे संपते तिथपर्यंत जा. दुसरं, राहणारा कोण हे एकदाच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ऊसतोडीला गेलेलं माणूस परत येणार असतं, चूल इथे आहे, तेव्हा त्याला गावचाच धरा आणि त्याचा जन्म-मृत्यू जगात कुठेही झाला तरी तुमच्या वहीत लिहा. लग्न होऊन आलेली सून आजपासून तुमची, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक तुमची नाही पण तिच्यासाठी वेगळं पान ठेवा, नाहीतर पायवाट ताई म्हणतात तसं बाळ मधेच हरवेल.

तिसरं, दोन स्वतंत्र याद्या. सरकारची नमुना नोंदणी पद्धत, एसआरएस म्हणतात ती, ह्याच तत्त्वावर चालते. एक माणूस गावातला, वर्षभर घटना घडतील तशा लिहितो, दुसरा माणूस दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन मागचं विचारतो, पहिल्याची वही न बघता. मग दोन्ही जुळवतात आणि जे जुळत नाही त्यासाठी परत त्या घरी जातात. ह्यातून एक छान गणित निघतं, चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ मधे मांडलेलं, कलकत्त्याजवळच्या सिंगूरच्या नोंदींवर. समजा दोन्ही याद्यांत सापडलेले जन्म २४, फक्त आशाकडे ४, फक्त घरोघर पाहणीत ३. मग दोघांच्याही हातून सुटलेले अंदाजे ४ गुणिले ३ भागिले २४, म्हणजे अर्धा. म्हणजे ३१ सापडले आणि फार काही सुटलं नाही. पण सापडलेले दोन्हीकडे १० आणि एकेकाकडेच ८-८ असतील तर सुटलेले सहा-सात निघतात, मग समजायचं की काम कच्चं आहे. अट एकच, एकीने दुसरीची यादी बघून भरायची नाही.

चौथं, वर्षाअखेरीला अंदाजाशी ताडून बघा. महाराष्ट्राचा जन्मदर २०२० च्या एसआरएसप्रमाणे हजारी १५ आणि मृत्युदर ५.५ होता. दोन हजाराच्या गावात वर्षाला साधारण ३० जन्म आणि ११ मृत्यू यायला हवेत, थोडं इकडेतिकडे. तुमच्याकडे चारच मृत्यू दिसले तर गाव निरोगी आहे असं समजून थांबू नका, कुठलीतरी वस्ती राहिलीय.

आणि एक करू नका, गावाचा अर्भकमृत्यू दर काढत बसू नका. राज्याचा दर त्याच वर्षी हजार जन्मांमागे १६ होता, तुमच्या ३० जन्मांत म्हणजे वर्षाला अर्धा मृत्यू. एक बाळ गेलं की दर एकदम तेहतीस होणार आणि पुढच्या वर्षी शून्य, त्यातून काही कळत नाही. दर तालुक्याला लागतो. गावाने प्रत्येक मृत्यू वेगळा बघायचा. मात्र तीन अर्भकमृत्यू एका वर्षात ह्या आकाराच्या गावात हे योगायोगानेही होऊ शकतं तरी खूप जास्त आहे, तिन्ही कोयत्यावरची बाळं आहेत का ते आधी बघा.

डोंगरकडा

एवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. चौकट_६० दादा, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ताच आशाताईला फोन केला, तिघांपैकी दोन कोयत्यावरची आणि एक माहेरी गेलेल्या सुनेचं. म्हणजे गावात राहून गेलेलं एकही नाही, शून्य तसं त्यांच्या परीने बरोबर होतं, हे कळल्यावर जास्तच वाईट वाटलं.

समितीत विषय काढला तर दोघंजण म्हणाले गावाचं नाव खराब होईल, वर्तमानपत्रात येईल. त्यांना काय सांगू? आणि त्या पोरीला बाळाबद्दल विचारायचं तर कसं विचारायचं, मला तिच्यासमोर शब्द सुचत नाहीत.

काळी_शाई

ताई काम करा पण दोन गोष्टी सांभाळून.

वहीत काय लिहिणार हे आधी ठरवा. गर्भपात, गर्भपिशवी काढलेली, टीबी, एचआयव्ही, कुणाला मूल होत नाही, हे गावच्या वहीत येता कामा नये, आणि आलंच तर ते आशा आणि नर्सताईच्या कुलपात. समितीचा प्रत्येक सदस्य वही उघडून बघू शकतो असं झालं तर सहा महिन्यांत बायका खरं सांगायचं बंद करतील. बीडला ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या प्रकरणात २०१९ मधे किती कॅमेरे त्या बायकांच्या दारात गेले होते ते आठवा. ग्रामसभेत फक्त आकडे वाचा, नावं नाही.

दुसरं, वर दोन याद्यांचं गणित दिलंय ते छान आहे पण त्याची मेख अशी की दोन्ही माणसं जर पारधी वस्तीवर जातच नसतील तर दोन्ही याद्या एकमेकींशी मस्त जुळतील आणि वस्ती तशीच बाहेर राहील. माझ्या ओळखीच्या एका गावात तांड्यावरची घरं "नंतर करू" म्हणून कायम राहायची. मोजणाऱ्यांत त्या वस्तीतली एक तरी बाई घ्या. ती दहावी झालेली नसली तरी चालेल. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० नंतर ज्या बायकांना गावची आरोग्य कार्यकर्ती केलं त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, दलित होत्या, आणि त्यांनीच गावाचं आरोग्य बदललं. तुमच्या डोंगराच्या पलीकडेच आहे जामखेड.

चौकट_६०

काळी_शाई यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य, म्हणूनच मी आधी नकाशा म्हणालो. पालं आणि तांडा नकाशावर आधी, गावठाण नंतर.

नाव खराब होण्याबद्दल, साप चावून मरणाऱ्यांचं उदाहरण समितीला सांगा. सरकारी दप्तरात देशभरात वर्षाला काही हजारच दिसायचे कारण बहुतेक जण दवाखान्यात पोचायच्या आधी जात. एसआरएसच्या घरोघर चौकशीतून २००५ सालचा अंदाज निघाला सुमारे ४६,०००. ह्याने कुठल्या गावाचं नाव खराब झालं नाही, उलट गावाजवळच्या दवाखान्यात सर्पदंशाची लस ठेवा म्हणायला आधार मिळाला.

निळा_डबा

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे, मृत्यूची चौकशी कशी करायची एवढंच लिहितो.

दुःखाचे दिवस होऊ द्या, तेरावा झाल्याशिवाय जाऊ नका, पण फार महिनेही जाऊ देऊ नका कारण मग आठवणी एकमेकांत मिसळतात. एकटी बाई म्हणून जा, सोबत फार तर आशाताई, गाडी दारात लावून चौघं उतरू नका. फॉर्म पिशवीत राहू द्या. आधी तिला तिच्या शब्दांत पहिल्यापासून सांगू द्या, कळा कधी सुरू झाल्या तिथपासून, मधे तोडू नका. थांबली तर थांबू द्या. ती बोलेल, बहुतेक आयांना बोलायचं असतं कारण घरात त्या बाळाचं नावही कुणी काढत नाही. नवरा किंवा सासू उत्तरं द्यायला लागली तर त्यांचं ऐकून घ्या पण नंतर तिच्याशी वेगळं बोला, शेवटचे तास बाळ कुणाच्या मांडीवर होतं त्या माणसाची माहिती सगळ्यात खरी.

तिचं सांगून झालं की मग विचारा. जन्मल्या जन्मल्या रडलं का, की उशिरा. लहानखोर होतं का, दिवस भरायच्या आधी झालं का. दूध ओढत होतं का आणि कधीपासून बंद केलं. अंग तापलं होतं की गार पडलं होतं. श्वास घेताना छाती आत ओढली जायची का. बेंबीतून पू, अंगावर फोड, झटके, पिवळेपणा. नाळ कशाने कापली हे कोपीवरच्या बाळंतपणात नक्की विचारा, कोयत्याने किंवा जुन्या ब्लेडने कापलेलं मी ऐकलंय. आणि मग शेवटी, बाळ बरं दिसत नाही हे पहिल्यांदा कुणाला वाटलं, न्यायचं ठरवायला किती वेळ गेला, गाडी किती वेळाने मिळाली, दवाखान्यात पोचल्यावर बाळाला कुणी किती वेळात हात लावला. कारण कुठलंही निघालं तरी गावाला काही करता येतं ते ह्या शेवटच्या चार उत्तरांत असतं. मुकादमाने, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराने, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) कापली जाईल म्हणून दुपारपर्यंत थांबवलं असेल तर ते औषधाने सुटणारं नाही, ते मुकादमालाच समोर बसवून बोलावं लागेल. रात्री गाडीच मिळाली नसेल तर तिच्याकडे नंबर होता का ते बघा, १०८ आणि गरोदर बाई, बाळंतीण, बाळ यांच्यासाठी १०२, दोन्ही फुकट, हे कोपीवरच्या किती जणींना माहीत असतं.

तुझ्याकडून हे राहिलं, असं एकही वाक्य तिच्यासमोर यायला नको. "मग आधी का नाही नेलं" हा प्रश्न आपल्या तोंडून सहज निघतो आणि ती कायमची मिटते.

चौकशीचा कागद आमच्याकडे द्या. बालमृत्यू अन्वेषण ही सरकारी पद्धतच आहे, माता मृत्यूचं पण आहे, बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत बाई गेली तरी ते धरतात. गावाकडून लेखी आलं की तालुक्याच्या बैठकीत ते बाजूला सारता येत नाही. आणि आशाला उभं करून बोलण्याबद्दल पायवाट ताईंनी जे लिहिलंय ते खरं आहे, मी माझ्या केंद्रात मृत्यू कळवणाऱ्या आशाचं नाव आधी आभार मानून घेतो, तेव्हापासून कळवणं वाढलं.

डोंगरकडा

डॉक्टर तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. काल संध्याकाळी गेले होते तिच्याकडे, एकटीच. तिने सगळं सांगितलं, मी इथे लिहिणार नाही, फक्त एवढं की बाळ रडलं होतं आणि पौषातल्या थंडीत रात्रभर अंग गार होतं, सकाळी टोळी फडात, उसाच्या रानात, निघून गेली आणि ती एकटी कोपीत. १०२ तिला माहीत नव्हता. नोंदीसाठी तिचा नवरा तयार आहे, अर्ज कुठल्या ग्रामपंचायतीत करायचा ते मुकादमाकडून काढतेय.

समितीत ठरलं की आषाढात नकाशा करायचा, मळ्यातली घरं आणि पालं आधी. मोजायला अंगणवाडीताई एकीकडून आणि वस्तीवरची एक मुलगी दुसरीकडून. वही आशाताईच्या कपाटात. मला आता दिवाळीची काळजी आहे, गरोदर बायका ह्या वर्षी पण जाणारच, थांबा म्हटलं तर उचल घेतलेली असते. त्यांचं काय करायचं?

पायवाट

ताई आम्ही जे करतो ते सांगते, तुमच्याकडे जमतं का बघा.

दसऱ्याच्या आधी जाणाऱ्या गरोदर बायकांची आणि दोन वर्षांखालच्या बाळांची यादी काढायची, प्रत्येकीपुढे बाळंतपणाची अंदाजे तारीख, कारखान्याचं नाव, मुकादमाचा नंबर, नवऱ्याचा नंबर. टोळी आधी एका कारखान्यावर उतरते आणि मग फड बदलत फिरते तेव्हा कारखान्याचं नाव पुरत नाही, पंधरा दिवसांनी फोन करून गावाचं नाव विचारावं लागतं. मग त्या गावच्या उपकेंद्राच्या नर्सताईचा नंबर काढायचा, आमच्या नर्सताई त्यांच्या ओळखीने काढून देतात, आणि तिकडच्या आशाला सरळ फोन, की तुमच्या हद्दीत अमुक फडावर आमची अमुक आहे, नववा लागलाय. बहुतेक जणी जातात बघायला. त्यांना मोबदल्यात ते धरत नाहीत तरी जातात.

बाईला पाठवताना कार्डची झेरॉक्स आपल्याकडे, मूळ कार्ड तिच्याकडे, मागच्या पुठ्ठ्यावर १०२ आणि आपला नंबर मार्करने मोठा. बाळासाठी टोपी, मोजे आणि दोन सुती फडकी आम्ही समितीच्या अबंधित निधीतून (समितीला स्वतः ठरवून खर्चता येणारे पैसे) घेतो, त्यात बसतं ते, ग्रामसेवकांना विचारून ठराव करून घ्या. छातीशी कसं धरायचं ते बाहुलीवर करून दाखवते मी, सासूला पण बसवते समोर, कारण कोपीवर सासूच ठरवते सगळं.

तुमची टोळी कुठल्या भागात जाते ते मला मेसेज करा. आमच्या दोन टोळ्या सांगली आणि कोल्हापूरकडे असतात, तिकडच्या काही आशांचे नंबर आहेत माझ्याकडे, त्यांना आधी विचारून मग देते.